अर्ध्या मिठाचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर आहे, त्यात नुसती झाकणं आहेत. डबे कुणाकुणाच्या घरी गेले. काही परत आले नाहीत, काहींच्या जागी दुसरेच आले. झाकणं मात्र घरीच राहिली आणि ती टाकून द्यावीत असं कुणाच्या मनात येत नाही. किस्सेसुद्धा असेच साठत असणार. माणूस निघून जातं आणि झाकण आपल्याकडे राहतं!

आजीला जाऊन महिना झाला. रोज कुणी ना कुणी भेटायला येतं. आल्या आल्या रडतात, चहा होईपर्यंत गप्प बसतात आणि चहा हातात आला की म्हणतात, "पाळकीणबाईंची एक गंमत सांगतो." मी कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली असते. मी फारसं बोलत नाही, म्हणून मी तिथं आहे हे लोक विसरतात. पुढचे निम्मे किस्से मी असे ऐकलेले आहेत. बाकीचे स्वतः पाहिले.

माझे आजोबा पाळक, म्हणजे पास्टर. केडगाव स्टेशनच्या अलीकडे आमचं घर आणि घराच्या मागे पत्र्याचं छोटं देऊळ, चर्चला आमच्यात देऊळच म्हणतात. त्यांची मंडळी, म्हणजे त्या देवळाची माणसं, मात्र शिरूर आणि दौंड तालुक्यांत विखुरलेली. या गावात दोन घरं, त्या गावात एक. आजोबा आधी सायकलवर फिरायचे, नंतर मोपेडवर. मी दहावीत गेले तेव्हा मला कळलं की ते रिटायर होऊन सात वर्षं झालीत. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि लोकांनीही विचारलं नव्हतं!

*

पहिला किस्सा डब्याचा.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. आजोबा तेव्हा केंदूरला होते. आजी लग्न होऊन तिथं आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पहिल्याच महिन्यात मंडळीतले एक म्हातारे वारले. घर गावाच्या टोकाला, नातेवाईक लांबचे. दुपार झाली तरी त्या घरी कुणी काही आणलं नाही.

आजीने तोवर कुणाच्या मयताला स्वयंपाक केला नव्हता. घाबरत घाबरत तिने पिठलं केलं आणि माहेरहून आलेल्या तीन खणांच्या स्टीलच्या डब्यात भरलं. डब्यावर नाव कोरलेलं होतं, 'सौ. रूथ'. आजोबा डबा घेऊन गेले. मग आजीने कढईतलं उरलेलं चाखून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मीठ निम्मंच पडलं होतं!

दुसऱ्या दिवशी ती त्या म्हाताऱ्यांच्या बायकोची माफी मागायला गेली. "आजीबाई, काल पिठलं अळणी झालं."

म्हातारी म्हणाली, "अळणी? न्हाई गं बाई. मला तर खारटच लागलं."

त्या दिवसापासून डब्यातल्या पिठल्यात आजीने निम्मंच मीठ टाकलं. पंचेचाळीस वर्षं! ख्रिस्ती असो, बौद्ध असो, हिंदू असो, ओळखीच्या कुठल्याही घरी मयत झालं की डबा निघायचा. कढईत उरलेलं पिठलं आम्ही घरी खायचो आणि प्रत्येक वेळी पहिल्या घासाला आजोबा म्हणायचे, "रूथ, मीठ कमी आहे."

आजी मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवायची.

*

पप्पा जन्मले तेव्हा आजोबा घरी नव्हते. नदीपलीकडच्या एका वस्तीवर तापाची साथ होती, तिथं ते माणसं बैलगाडीत घालून दवाखान्यात पोचवत होते. तिसऱ्या दिवशी आले. दाढी वाढलेली, बगलेत मंडळीचं रजिस्टर.

बाळंतिणीच्या खोलीच्या दारातूनच त्यांनी विचारलं, "मुलगा का मुलगी?"

आजी म्हणाली, "बघायला आलात की बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये लिहायला आलात?"

हा किस्सा आजोबांच्या बहीण, दौंडच्या मार्थाआत्या सांगतात. त्या तेव्हा बाळंतिणीपाशी होत्या. पण लोक हसले की त्या पुढचंही सांगतात. आजोबा ओशाळून खाटेशी बसले, तेव्हा आजी म्हणाली, "अहो, लोकांच्या जन्माला जावा, मरणाला जावा, मी अडवायची नाही. फक्त माझ्या वेळी तेवढं घरी राहा."

आजोबांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं! तेव्हापासून दरवर्षी नवी डायरी आली की पहिल्या पानावर सगळ्यात आधी तेच वाक्य उतरवायचे. 'रूथच्या वेळी घरी.' मी स्वतः पाहिलंय, निळ्या शाईत, खाली रेघ मारून.

आजीने एकदा चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "आणि तारीख कोण टाकणार?"

*

मोठ्या आत्याचं लग्न आमच्याच देवळात झालं. लावलं अर्थातच आजोबांनी. इतक्या वर्षांत त्यांनी इतकी लग्नं लावली होती की सगळी उपासना तोंडपाठ. पुस्तकात बघायचेसुद्धा नाहीत.

आमच्यात पाळक विचारतात, "या कन्येला विवाहात कोण देतो?" आणि मुलीचे वडील पुढे होऊन "मी देतो" म्हणतात.

आजोबांनी खणखणीत आवाजात विचारलं. कुणी बोललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग चष्मा वर करून बाकांकडे बघायला लागले, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत, मुलीचा बाप कुठं राहिला म्हणून! थोडे चिडलेसुद्धा. लग्नात बापाने वेळेवर असू नये म्हणजे काय?

पहिल्या बाकावरून आजी म्हणाली, "अहो, तुम्हीच!"

सगळं देऊळ हसलं. आत्या मात्र अजून हसत नाही. परवा हा किस्सा चालू असताना ती उठून माझ्या कोपऱ्यात आली, माझ्या पुढ्यातला लसूण घेतला आणि सोलायला लागली. म्हणाली, "खरंच विसरले होते गं ते."

*

आमच्या बाहेरच्या खोलीत एक फोटो आहे. आजी-आजोबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा दौंडच्या स्टुडिओत काढलेला. आजी नव्या साडीत, मागे पप्पा आणि दोन्ही आत्या. आजीच्या शेजारच्या खुर्चीवर हेल्मेट.

झालं असं की सगळे तयार होऊन बसले, फोटोग्राफरने लाईट लावले आणि तेवढ्यात स्टुडिओच्या दारात एक माणूस आला. रेल्वेच्या चाळीत कुणाची तरी आई शेवटच्या घटकेला होती. "पाच मिनिटांत आलो," म्हणून आजोबा गेले ते हेल्मेट विसरून गेले. तासाभराने फोटोग्राफर म्हणाला, "बाई, मला दुकान बंद करून जेवायला जायचंय."

"काढा," आजी म्हणाली.

घरी नवीन कुणी आलं की फोटोकडे बघून विचारायचंच, "हे काय ठेवलंय खुर्चीवर?"

"आमचे साहेब," आजी सांगायची. "त्यांचं तेवढंच हाताला लागलं!"

*

राहू गावचे आप्पा म्हणजे मोठे बागायतदार. ऊस, गुऱ्हाळ, सोसायटीत वजन. आजोबांशी त्यांची ओळख रस्त्यातली. मोपेड बंद पडली की आप्पांच्या गड्यांनी ढकलायची, एवढीच.

वीस-एक वर्षांपूर्वी आप्पांचे धाकटे भाऊ वारले. आजीने नेहमीप्रमाणे डबा पाठवला. आप्पांनी तो ओट्यावरच थांबवला. "पाळकसाहेब, राग मानू नगा. तुमच्या घरचं आमच्यात चालत न्हाई."

डबा न उघडता परत आला. आजीने तोच आमच्या घरी वाढला. आजोबांनी पहिला घास खाल्ला आणि सवयीने म्हणाले, "रूथ, मीठ..."

"आज तरी गप खावा!" आजी म्हणाली.

मग लॉकडाऊनचं वर्ष आलं. आप्पांची बायको त्या साथीत गेली. घराला दोऱ्या बांधलेल्या. भावकी फोनवर रडत होती, दारात कुणी येईना. आप्पा आणि त्यांची सून सुनंदाकाकू, दोघंच घरात. आजोबा पोलिसांची परवानगी काढून मोपेडवर गेले आणि डबा दोरीच्या बाहेर ठेवून लांब उभे राहिले. तो परत यायचाच, म्हणून आजीने घरात आधीच ताटं मांडून ठेवली होती.

सुनंदाकाकू सांगतात, आप्पा बराच वेळ त्या डब्याकडे बघत बसले. मग स्वतः उठले, डबा आत नेला, झाकण काढलं आणि म्हणाले, "सुने, जेव. ती बाय कवाधरनं जेवाय घालतीय, आपणच दार लावून बसलो."

डबा कधी रिकामा परत द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. सगळं उघडल्यावर आप्पा टेम्पो घेऊन आले. गुळाची ढेप काही डब्यात बसेना. म्हणून त्यांनी ढेपेवर डबा ठेवून आणला, डोक्यावर टोपी ठेवतात तसा!

*

रिकाम्या डब्याचाही एक किस्सा आहे.

एका गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातून आलेला कामगार गेला. हार्ट ॲटॅक. बायको आणि दोन लहान मुलं. तिला मराठी येत नव्हतं आणि आजीचं हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' लावायचं. तरी त्या दिवशी डबा घेऊन आजी स्वतः गेली. दिवसभर तिच्याजवळ बसली, मुलांना भरवलं. काय बोललात म्हणून आईने विचारलं, तर म्हणाली, "बोलायला कशाला पाहिजे? तिच्या हातात हात होता की."

गावी परत जायच्या आदल्या दिवशी ती बाई डबा द्यायला आमच्या घरी आली. मी दार उघडलं. डब्यात काही नव्हतं. ठेवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. पण तिने तो राखेने इतका घासला होता की नवा वाटत होता. ती खाली मान घालून उभी होती.

आजीने डबा उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "रिकामा कहाँ है? ये देख, मेरा तोंड दिखता है!"

ती बाई हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. मला वाटलं, म्हणून सांगते.

*

गेल्या वर्षी आजीच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिस. आजोबांनी सगळ्यांना फोन करून सांगितलं, "आता मी रूथबरोबर." खरंच सांगितलं! पहिल्यांदाच.

सुट्टी असली की मीही जायचे. आजी मशीनला लावलेली, शेजारी स्टुलावर आजोबा. पहिला अर्धा तास बरा गेला. मग पलीकडच्या खाटेवरचा माणूस कण्हायला लागला. आजोबांनी आजीकडे पाहिलं. आजीने डोळे मिटून घेतले. आजोबा उठले. त्याच्यासाठी प्रार्थना केली. मग त्याच्या पलीकडच्या बाईने हात जोडले. असं करत करत ते खोलीच्या पार त्या टोकाला पोचले. आजीचं मशीन काढायची वेळ झाली तेव्हा ते एका ड्रायव्हरच्या मुलीच्या ॲडमिशनचा फॉर्म भरून देत होते!

आजी नर्सला म्हणाली, "सिस्टर, एक काम करा. पुढच्या वेळी यांनासुद्धा सुई टोचा. तेवढ्यानेच बसले तर बसतील."

सिस्टर हसली. परत येताना रिक्षात मात्र आजीने आजोबांचा हात धरला होता आणि केडगाव येईपर्यंत सोडला नाही. आजोबांनी सांगितलं, "डायरीत आहे माझ्या."

"माहितीय," आजी म्हणाली.

*

आता शेवटचा. हा, थोडा भाग सोडला तर, कुणी सांगितलेला नाही.

डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. चार दिवस आजोबा आजीच्या खाटेजवळून हलले नव्हते. जेवायचेसुद्धा तिथंच. पाचव्या दिवशी सकाळी राहूहून सुनंदाकाकूंचा फोन आला. आप्पा गेले. झोपेतच गेले. दोन दिवसांपूर्वी म्हणाले होते, माझ्या वेळी पाळकसाहेबांना बोलवा, दोन शब्द बोलतील.

आजोबा फोनवर म्हणाले, "सुनंदा, मला येता येणार नाही."

हे वाक्य आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पप्पा वर्तमानपत्र खाली ठेवून बघायला लागले.

आजीने डोळे उघडले. "कोण गेलं?"

मग मीच सांगितलं, "राहूचे आप्पा."

"मग बसलात काय?" ती आजोबांना म्हणाली. आवाज अगदी बारीक. "जावा की."

"नाही जायचं मला."

"पंचेचाळीस वर्षं थांबा म्हणत होते, तर थांबला नाहीत. आता जा म्हणते, तर ऐकत नाही!"

पप्पा हसले आणि लगेच तोंड फिरवून अंगणात गेले. आजीने आईला हाक मारली. पिठलं टाकायला सांगितलं, भाकरी पातळ कर म्हणाली. मग मला म्हणाली, "मीठ दाखव."

मी तळहातावर मीठ घेऊन गेले. तिने बोटाने निम्मं बाजूला केलं. तेवढ्यानेच ती दमली. बाजूला केलेलं मीठ मी मुठीत धरून तशीच उभी राहिले.

डबा भरला. फडक्यात बांधला. आजोबा दारात मोपेडची चावी हातात धरून उभे होते आणि त्यांचा पाय निघत नव्हता. ते बाहेर निघताना आजीने कधीही 'लवकर या' म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही म्हटलं नाही. फक्त म्हणाली, "हेल्मेट घ्या."

मी तिचे केस विंचरत होते तेव्हा ती गेली. साडेअकराला. मला आधी कळलंच नाही, मी वेणी पूर्ण केली.

आजोबांचा मोबाईल घरीच चार्जिंगला होता. पप्पांनी सुनंदाकाकूंना फोन लावला. पुढचं मला काकूंनी परवा सांगितलं. आजोबा नुकतेच पोचले होते, डबा नुकताच काकूंच्या हातात दिला होता. अंगणात आप्पांना आंघोळ घालायची तयारी चाललेली. काकूंनी फोन ठेवला, आजोबांजवळ गेल्या आणि डबा त्यांच्या हातात परत दिला.

"पाळकसाहेब, ह्यो आता तुमच्या घरी लागंल."

आप्पांच्या घरून आमचा डबा दुसऱ्यांदा न उघडता परत आला. आप्पांच्या जावयांनी आजोबांना गाडीतून आणून सोडलं. सगळा रस्ता डबा मांडीवर.

दुपारी दौंडच्या पाळकांनी माती दिली. आम्ही घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. अंगण माणसांनी भरलेलं. केंदूरचे, राहूचे, रेल्वेच्या चाळीतले. सगळे शांत बसलेले. बसून बसून पाच वाजले, साडेपाच वाजले. आत्याची मुलं भुकेने कुरकुरायला लागली, तेव्हा मार्थाआत्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई! डबा कुणी आणलाच नाही!"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. आमच्याकडे मयताचा डबा आमच्याच घरून जातो. तो आमच्या घरी कुणीतरी आणायचा असतो, हे शंभर माणसांत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं! केंदूरच्या एक काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आम्हाला काय ठावं? आम्ही तिच्याच डब्याची वाट बघत बसलो जणू." आणि त्या जे रडायला लागल्या ते थांबेनातच.

आजोबा उठले. आत गेले. फोटोखाली आजीची खुर्ची आहे, त्यावर त्यांनी डबा ठेवला होता. तो घेऊन बाहेर आले, अंगणात मांडी घालून बसले आणि फडक्याची गाठ सोडली. पिठलं गार होऊन वड्या पडल्यासारखं झालं होतं. आधी त्यांनी मुलांना वाढलं, मग आत्यांना, पप्पांना, मला. सगळ्यात शेवटी भाकरीचा एक तुकडा मोडून स्वतः घास घेतला.

आम्ही सगळे थांबलो. आता ते काय म्हणणार, हे आम्हाला माहीत होतं. सवयीने मी उठून मिठाची वाटीसुद्धा घेऊन आले होते.

आजोबा बराच वेळ तो घास चावत राहिले. मग वाटी हाताने बाजूला सारली.

"मीठ बरोबर आहे," ते म्हणाले.